लाल म्हणजे भरलेली तारीख

माझ्या हातून एकदा बोईसर-तारापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयातली सगळी ठरलेली लग्नं मोकळी झाली. मुलीकडचे रुसले नव्हते, मुलाकडचे अडून बसले नव्हते, कोणाची पत्रिका जुळायची राहिली नव्हती. सगळे आपापल्या घरी सुखात होते. मी एका सोमवारी सकाळी चहा पिता पिता एक फाईल सर्व्हरवर चढवली आणि मोसमातल्या एकूण एक नवरानवरीला कार्यालयाबाहेर काढलं. चहा चांगला झाला होता. तो मी शांतपणे संपवला.

माझा धंदा वेबसाईट बनवण्याचा. बोईसरला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानाच्या डोक्यावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. खालच्या दुकानदाराला आणि मला लोक एकाच जातीचे कारागीर समजतात. मिक्सर दुरुस्त झाला नाही की वर मला विचारायला येतात. सुरुवातीला मला याचा राग यायचा. नंतर लक्षात आलं की खालचा माणूस निदान मिक्सर उघडून आतलं दाखवतो, माझ्याकडे तेही नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, पुढे लागेल. मोबाईलवर आपण पान उघडतो तेव्हा ते तिकडे आधीच छापून ठेवलेलं असतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नेहमी नसतं. दूर कुठेतरी एक कॉम्प्युटर असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. तुम्ही पान मागितलंत की माझा प्रोग्राम तिथे जागा होतो, माहितीच्या कपाटातून हवं ते काढतो, त्याचं पान बनवतो आणि तुमच्याकडे पाठवतो. यात कामं दोन. काय सांगायचं ते ठरवणं हे एक, ते दिसावं कसं हे दुसरं. लग्नाच्या जेवणात आचारी आणि वाढपी असतात तसंच. मीठ किती हे आचाऱ्याने बघायचं आणि ते पानाच्या कुठल्या कोपऱ्यात वाढायचं हे वाढप्याने.

मी मात्र पंधरा वर्षं कढई घेऊनच पंगतीतून फिरत होतो. एका हाताने फोडणी, दुसऱ्या हाताने वाढप. माझ्या फाईलमध्ये एक ओळ शीर्षकाच्या अक्षरांची असायची, दुसरी माहिती शोधण्याची, तिसरी नक्षीची, चौथी पुन्हा शोधाशोधीची. दुसऱ्या कोणी ती फाईल उघडली तर त्याला घेरी यावी. आणि मला त्याचा अभिमान होता. माझ्याशिवाय कोणाला या साईटवरचा स्वल्पविरामही हलवता येणार नाही, असं मी ग्राहकांना सांगत असे, आणि तेही गुण म्हणून.

एकदा एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्याने जागा बदलली. जुना प्लॉट सोडून ते दोन रस्ते पलीकडे गेले. त्यांची साईट माझी, पानं एक्केचाळीस, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पत्ता मी हाताने टाईप केलेला. मी दोन दिवस बसून चाळीस ठिकाणी पत्ता बदलला. राहिलं ते पान 'येण्याचा मार्ग' नावाचं होतं.

आठवड्याने गुजरातहून एक टँकर जुन्या प्लॉटवर पोचला. ड्रायव्हरने साईटवरचा नंबर फिरवला, आणि तो नंबर काय कारणाने कोण जाणे, माझा होता. तो अतिशय सभ्यपणे म्हणाला, "साहब, गेट पे ताला है और अंदर एक भैंस बैठी है. माल उसी को दे दूँ?"

कारखान्याचे शेठ माझ्यावर ओरडले नाहीत. विड्याचं पान लावता लावता त्यांनी एवढंच विचारलं की, हा पत्ता एकदाच कुठेतरी लिहून ठेवायचा आणि सगळ्या पानांनी तो तिथून घ्यायचा, असं काही करता येत नाही का. मी त्यांच्याकडे दयेने पाहून हसलो. म्हटलं, शेठ, ते एवढं सोपं नसतं. ते अगदी तेवढंच सोपं होतं. त्याला टेम्पलेट म्हणतात, म्हणजे साचा. पानाची चौकट एकदा करून ठेवायची, तिच्यात रिकाम्या जागा सोडायच्या आणि त्या प्रोग्रामने भरायच्या. मी त्याबद्दल वाचलेलंही होतं. पण वाचलेलं करायला लागलो तर आपण इतके दिवस काय करत होतो, असा प्रश्न घरच्या आरशात उभा राहतो. म्हणून मी आरसा टाळला.

त्यानंतर काही वर्षांनी प्रणाली राऊत माझ्याकडे डिझायनर म्हणून आली. त्याआधी तिने पालघरच्या एका प्रेसमध्ये दहा वर्षं लग्नपत्रिका लावल्या होत्या. गणपती कोणत्या कोपऱ्यात बसतो, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ किती तिरकी हवी, मुलीच्या आजोबांचं नाव राहिलं तर किती वर्षं बोलणं बंद होतं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पहिल्याच दिवशी तिने माझी एक फाईल उघडली, बराच वेळ बघत राहिली आणि मग विचारलं, "सर, हे कोणी मुद्दाम केलंय का?"

तिच्या प्रेसमध्ये पत्रिकेची चौकट तयारच असायची. नक्षी, श्लोक, गणपती सगळं जागच्या जागी. नवीन लग्न आलं की फक्त नावं, तारीख आणि स्थळ बदलायचं. तुमच्याकडे दर लग्नाला गणपतीपासून सुरुवात करतात का, असं तिने मला विचारलं. मी तिला कॉम्प्युटर हे वेगळं शास्त्र असल्याचं सांगितलं. माझ्या फाईलमध्ये जिथे जिथे विचार करणाऱ्या ओळी होत्या तिथे मी 'येथे हात लावू नये' असं लिहून दिलं, आणि बाकीचं सगळं तिच्या हवाली केलं. ही मी केलेली कामाची विभागणी. गोठ्यात 'येथे स्वयंपाकघर' अशी पाटी लावावी तसं.

आता ते मंगल कार्यालय. त्याचे व्यवस्थापक सावेकाका. सत्तरीचे, बारीक, आणि लाल बांधणीची एक जाडजूड डायरी काखेत घेऊन फिरणारे. कोणत्या दिवशी कोणाचं कार्य हे त्या डायरीत. ती त्यांच्याकडून सोडवायला मला दोन महिने लागले. साईटवर लोक आपल्या आपण तारीख बघतील, आपल्या आपण बुक करतील, तुम्ही आराम करा, असं मी त्यांना समजावत राहिलो. शेवटी त्यांनी डायरी कापडात बांधून कपाटाच्या वर ठेवली. मी त्या प्रसंगाचा फोटो काढून माझ्या साईटवर लावला होता. तो मी आता काढला आहे, शोधू नका.

त्या साईटवर महिन्याचं कॅलेंडर दिसायचं. घेतलेली तारीख लाल, मोकळी तारीख हिरवी. हिरव्या तारखेखाली 'बुक करा' असं बटण. बटण दाखवायचं की नाही हे प्रोग्रामला कसं कळायचं? इथे माझी हुशारी बघा. तारीख घेतलेली आहे का हे मी एकदा पानाच्या सुरुवातीला तपासायचो आणि त्या तारखेचा रंग ठरवायचो. पुढे बटणाच्या वेळी परत कशाला तपासा? म्हणून तिथे मी लिहिलं होतं की रंग लाल नसेल तर बटण दाखव. आणि बटण दाबून आलेल्या माणसाला पुन्हा काही विचारायचं नाही, तारीख देऊन टाकायची. कारण बटण दिसलं म्हणजे तारीख मोकळी असणारच. त्या पूर्ण साईटमध्ये तारीख भरली आहे का, हा प्रश्न माहितीला नव्हे, रंगाला विचारलेला होता.

प्रणालीला त्या साईटला नवं रूप द्यायला मी सांगितलं. तिने ते कॅलेंडर पाहिलं आणि तिचं कपाळ आठ्यांनी भरलं. लग्नाच्या कार्यालयात लाल म्हणजे नाही, हे तिला पटेना. दहा वर्षं तिने लाल रंग शुभ म्हणूनच छापला होता. पत्रिकेच्या कोपऱ्यावर कुंकू लावतात ते लालच, शालू लाल, चुडा बहुतेक ठिकाणी हिरवा असला तरी अक्षता लालच. ज्या तारखेला लग्न होऊ शकतं ती तारीख कुंकवाच्या रंगाची हवी, आणि जी गेली ती राखाडी, असा तिचा साधा सरळ विचार. तिने 'येथे हात लावू नये' असं लिहिलेल्या एकाही ओळीला हात लावला नाही. फाईलच्या वरच्या भागात दोन रंगांची नावं होती, ती तिने बदलली. मोकळीला लाल, घेतलेलीला राखाडी.

मी पाहिलं. फारच सुंदर दिसत होतं. मी म्हणालो वा, आणि चहा घेतला. तो सोमवार.

त्या क्षणापासून मोकळ्या तारखांखालचं बटण गेलं आणि घेतलेल्या सगळ्या तारखांखाली बटण आलं. सावेकाकांना मोबाईलवर 'नवीन बुकिंग झालं' असे संदेश येत होते आणि ते खूश होते. एकदा एक तारीख ओळखीची वाटली म्हणे त्यांना. पण कॉम्प्युटरला माहीत असेल, असं म्हणून त्यांनी कपाटाच्या वरची डायरी काढली नाही. काढू नका असं मीच सांगितलं होतं.

मला हे कळलं ते बोईसरच्या मच्छी बाजारात.

जमनाबाई किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या. बाजारात त्यांची जागा ठरलेली, आणि माझे बोंबील गेली बारा वर्षं त्यांच्याकडचे. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. त्यांच्या मुलीचं, भाविकाचं, लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं आणि कार्यालय त्यांनी दिवाळीनंतर लगेच, माझ्याच ऑफिसात बसून, माझ्याच साईटवर बुक केलं होतं. बटण मीच दाबलं होतं.

ती तारीख का, हे मला त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. भाविकाचा मोठा भाऊ दिनेश गुजरातच्या एका बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. पावसाळ्यासाठी बोटी बंद होतात तेव्हाच तो घरी येतो. नवरा मुलगा मोठ्या जहाजावर नोकरीला, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला जहाज गाठायचं होतं. वडील नाहीत. भावाच्या येण्याच्या आणि नवऱ्याच्या जाण्याच्या मधे जेमतेम एक मुहूर्त बसत होता. जूनचा भरवसा नाही म्हणून अंगणात मांडव नको, पक्कं कार्यालय हवं.

मे महिन्याच्या मध्याला मी बाजारात गेलो तर मावशींनी बोंबलांना हात लावला नाही. पदराखालून एक लग्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली.

"वाचा. मोठ्यानं वाचा, मी चष्मा नाय आनला."

त्या कधीच चष्मा लावत नाहीत. मी वाचायला लागलो. सफाळ्याजवळच्या एका गावचे घरतगुरुजी, त्यांची कन्या, बोईसरच्या कारखान्यातला जावई. पत्रिका देणारी बाई नवऱ्या मुलाची आत्या, मावशींची नेहमीची गिऱ्हाईक. पापलेट घेता घेता तिने अगत्याने आमंत्रण दिलं होतं. मी तारखेपर्यंत आलो तेव्हा आवाज थोडा खाली आला. मुहूर्त दुपारी सव्वाबाराचा, भाविकाच्या मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी. स्थळ वाचलंच नाही.

"वाचा की स्थल."

मी वाचलं. शेजारच्या दोन मच्छीवाल्या आता कोयत्या खाली ठेवून ऐकत होत्या.

"आता सांगा भाऊ," मावशी म्हणाल्या, "माज्या पोरीच्या लग्नाचं आमंत्रान दिलंय तिनं मना, का तिच्या भाच्याच्या?"

मी ऑफिसात परत आलो तो बोंबील न घेता. प्रणाली आणि मी साईट उघडून बसलो. अर्ध्या मिनिटात तिला कळलं आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात मला. ती म्हणाली, "सर, मी फक्त रंग बदलला."

माझ्या पंधरा वर्षांच्या कामावर इतका नेमका अभिप्राय कोणी दिला नव्हता. ज्या पानात रंग बदलल्याने लग्न बदलतं, ते पान लिहिणाऱ्याचं काय करावं?

त्या दिवसांत तीन तारखा दोनदा गेल्या होत्या. एक बारसं होतं आणि एक निवृत्तीचा सत्कार. ती मंडळी फोनवरच हलली. बाळाला घाई नव्हती आणि निवृत्त होणाऱ्याला तर आता कशाचीच नव्हती. उरलं ते हे. हक्क जमनाबाईंचा, कारण तारीख पहिल्यांदा त्यांची. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या घरतगुरुजींच्या. जमनाबाईंच्या अजून छापायला जायच्या होत्या. गुरुजींनाही दिवस बदलता येईना. त्यांच्या जावयाचा कारखाना वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी बंद होतो आणि सुट्टी तेवढ्याच आठवड्यात मिळते. म्हणजे दिवस दोघांचा तोच, आणि वेळही तीच. एकाला संध्याकाळच्या गोरज मुहूर्तावर जावं लागणार.

इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण दिवाळी अंकात स्वतःची आरती लिहिणारे पुष्कळ असतात, मी आपला पाठीमागचा घंटा वाजवणारा. मी हक्काचा विचार केला नाही, सोयीचा केला. ज्यांच्या पत्रिका छापल्या नाहीत त्यांना हलवणं सोपं. शिवाय मावशी ओळखीच्या, ऐकतील. मी दांडीला गेलो. बोंबील वाळत घालायचे बांबू आता रिकामे होते, मोसम संपत आला होता. मावशींनी मला चहा दिला. भाविका दारात उभी राहून ऐकत होती. गोरज मुहूर्त किती मंगल असतो, रोषणाई किती खुलते, फोटो किती छान येतात, असं मी दहा मिनिटं बोललो. मला वाटतं मी फारच सुंदर बोललो.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, बारा वरसांत मी तुमाला कदी शिळं म्हावरं दिलंय?"

म्हटलं, नाही.

"ताजं म्हावरं ठेवलेलं असतं तुमच्या नावाचं. दुसरा कितीबी हुशार गिऱ्हाईक येऊ दे, मी त्याला सांगते, ह्ये बोललेलं हाय. मंग माज्या पोरीची बोललेली वेळ तुमी दुसऱ्याला कशी देता? आनि वर मनाच सांगता, लायटिंग चांगली दिसंल?"

भाविका आत निघून गेली. ते मला मावशींच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. चहा अर्धा ठेवून मी उठलो. मच्छीच्या पाटीवर कोणाच्या नावाचं काय ठेवलंय हे या बाईच्या डोक्यात पक्कं होतं, आणि पाटीचा रंग बदलला म्हणून तिने कधी एकाचे बोंबील दुसऱ्याला दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी, प्रणाली आणि सावेकाका सफाळ्याला उतरून घरतगुरुजींच्या गावी गेलो. सावेकाकांनी डायरी बरोबर घेतली होती, पुरावा म्हणून. गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. ओटीवर त्यांनी आम्हाला बसवलं आणि घडलं काय ते मला सांगायला लावलं. मी सर्व्हर, प्रोग्राम, डेटाबेस असे शब्द टाकले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि आतून नातीची पाटी मागवली.

"काढून दाखवा," म्हणाले.

पन्नाशीचा मी, घामाघूम, ओटीवर पाटीवर चौकोन काढून माझी चूक समजावत होतो. गुरुजींनी मधे मधे शंका विचारल्या. शेवटी पाटी हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे मुलाने गणित केलं नाही. शेजारच्याच्या वहीत बरोबरची खूण आहे का बघितलं आणि उत्तर लिहिलं. शेजारच्याने शाई बदलली आणि हा नापास झाला."

मी म्हटलं, हो गुरुजी. प्रणाली दुसरीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

गुरुजींच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. पाचशे पत्रिका वाटून झाल्यात, दुपारचं लिहिलंय, माणसं दुपारी येऊन उभी राहतील, त्यांना काय सांगायचं, असं त्या म्हणाल्या, आणि त्या अगदी बरोबर होत्या. गुरुजींनी मला काही न सांगता सावेकाकांना विचारलं की, त्या जमनाबाई बाजारात कोणत्या वाराला असतात.

मग झालेली भेट मी दोन मच्छीवाल्यांच्या मागे उभा राहून पाहिली. गुरुजी शुभ्र धोतरात रांगेत उभे राहिले, आपली पाळी आल्यावर अर्धा किलो मांदेली घेतली आणि मग आपण कोण ते सांगितलं. तारीख आधी तुमची आहे, दुपार तुमचीच, आम्ही गोरजावर जातो, असं ते म्हणाले. अडचण एकच, पत्रिका वाचून दुपारी येणारी माणसं. सगळ्यांना फोन करू, पण काही जण राहतीलच.

मावशींनी मांदेली साफ करता करता मान वर केली. "येऊ दे की गुरुजी. चुकून आलेलं मानूस उपाशी नाय जायाचं. आमच्या पंगतीला बसंल. जेवल, पोरीला आशीर्वाद दील, वामकुक्षी करंल, आनि सांजचं तुमच्याकडं अक्षता टाकल."

मग दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या दिवशी सकाळपासून कार्यालयाच्या गेटवर मी उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला काय घडलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असं तिथेच ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

मधल्या तीन आठवड्यांत प्रणालीने आणि मी ती साईट पुन्हा लिहिली. या वेळी तिच्या अटींवर. तिने कागदावर मधोमध एक रेघ मारली. एका बाजूला माझं, एका बाजूला तिचं. "तुम्ही मला तारीख द्यायची आणि एक शब्द द्यायचा. मोकळी किंवा घेतलेली. त्याचा रंग, बटण, फुलं, मोर, सगळं मी बघते. माझ्या पानात तुमचा शोध नको आणि तुमच्या प्रोग्राममध्ये माझा रंग नको."

म्हणजे तिच्या साच्यात फक्त रिकाम्या जागा. माझ्या प्रोग्रामने त्या भरायच्या. बटण दाबून कोणी आलं तरी तारीख देण्याआधी माझा प्रोग्राम आता पुन्हा माहितीच्या कपाटालाच विचारतो. तिने हवं तर ते कॅलेंडर पोपटी करावं, वांगी रंगाचं करावं, भाविकाचं लग्न जागचं हलणार नाही.

एका गोष्टीवर आमचं भांडण झालं. मी उत्साहाच्या भरात म्हटलं की तुझ्या पानात एकही 'जर' नको, म्हणजे 'जर असं असेल तर तसं दाखव' अशी एकही ओळ नको. ती म्हणाली, एक तरी हवा, नाहीतर घेतलेल्या तारखेला वेगळा रंग कसा देऊ? दोन दिवस वाद चालला. शेवटी तिच्याच तोंडून नियम आला आणि तो मी भिंतीवर लावला आहे: पानाने विचारावं, पण ठरवू नये. ठरवून झालेलं असेल त्याबद्दलच विचारावं. हे मी मोठ्या शहरांतल्या मोठ्या लोकांच्या लेखांतही पुढे वाचलं, पण तिथे ते दहा पानांत होतं.

खरं सांगायचं तर ते तीन आठवडे मजेत गेले, आणि त्याचंच वाईट वाटतं. इतकं सोपं होतं. माझ्या जुन्या ग्राहकांच्या काही साईट अजून त्या जुन्या खिचडीत आहेत. त्यातले दोघे फोन उचलत नाहीत, एकाने धंदा बंद केला. पंधरा वर्षं मी त्यांना माझ्यावाचून अडवून ठेवलं आणि त्याला कौशल्य म्हणत राहिलो. टँकरवाल्या शेठचा पत्ता मात्र आता एकाच ठिकाणी लिहिलेला आहे. त्यांना हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, मग तेव्हा काय सोपं नव्हतं?

लग्नाच्या दिवशी साडेदहापासून मी गेटवर. झब्बा इस्त्रीचा. घरतांचे पाहुणे चुकून आलेले निघाले साठ-सत्तर. प्रत्येकाला मी सांगितलं. पहिल्या दहांना ओशाळून सांगितलं, पुढच्या वीस जणांना जरा रंगवून, आणि नंतर म्हैस घालून सांगायला लागलो. लोक थांबून पुन्हा ऐकायला लागले. सावेकाकांनी येऊन मला बजावलं की आत मुहूर्त आहे, गर्दी गेटवर नको.

बारा वाजले तरी दिनेशचा पत्ता नव्हता. बोट आदल्या दिवशी बंदरात लागली होती, पण गाडी चुकली म्हणे. मावशी आत दाराशी उभ्या होत्या आणि दर मिनिटाला गेटकडे बघत होत्या, म्हणजे माझ्याकडे. मला वाटलं, आता गाडी चुकल्याचाही दोष माझ्याकडे येतो की काय. मुहूर्ताला आठ मिनिटं असताना एक रिक्षा गेटपाशी थांबली. आतून एक काळाभोर, दाढी वाढलेला, कपड्यांना अजून डिझेलचा वास असलेला माणूस उतरला. मी त्यालाही सवयीने सांगायला लागलो की, आपण घरतांकडचे असाल तर. तो म्हणाला, "आमी तांडेल," आणि आत पळाला. अंतरपाटामागे भाविकाने त्याला पाहिलं तेव्हा तिचा चेहरा मी लांबून पाहिला. तेवढ्यासाठी मी आणखी दहा लग्नांच्या गेटवर उभा राहिलो असतो.

मंगलाष्टकं झाली. मग कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. दिनेशचा हात वर्षानुवर्षं दोर ओढणारा. त्याने जावयाचा कान बेताने धरला, हसला, सोडला. टाळ्या झाल्या. मी गेटवरून आत येऊन खांबाआड उभा होतो. मावशींनी मला शोधून काढलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"दिनेश, तो बघ. ह्याचा पन पिळ. बेतानं नको."

मी हसत हसत पुढे गेलो, म्हटलं गंमत आहे. ती गंमत नव्हती. माझा कान सापडला तेव्हा मी वाकून जमिनीकडे बघत होतो आणि मागे पंगतीत बसलेले घरतांचे पाहुणे वाटी वाजवत होते. मावशींच्या आमंत्रणावरून दुपारीच आलेले गुरुजी सर्वांत पुढे.

फोटोग्राफर धावत आला. म्हणाला, फ्लॅश पडला नाही, परत एकदा घेऊ. दिनेशने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. दुसऱ्या वेळी त्याने दोन्ही पाय नीट रोवून घेतले.